इतिहासाच्या तासाला कादंबरी



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, करार आणि टाळेबंदी ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती वावगी नाही. पण व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय आमच्यावर सोपविला, आणि आम्ही घेतला तो शाळेच्या वर्गातला. हायस्कुलात इतिहास शिकविताना कादंबरी, नाटक, गोष्ट ह्यांचा उपयोग करावा की न करावा, आणि करावयाचा तर कसा, हा तो विषय. आम्ही शिक्षक नाही. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा ह्यावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मुले शाळेत जो इतिहास शिकतात किंवा शिकत नाहीत, तो दहा वर्षांनी आमच्या युनियनच्या कचेरीत येतो.

कसा येतो ते सांगतो. आपल्या भाईंदरात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहानमोठे कारखाने आहेत. एकाच शेडमध्ये प्रेसवर साताऱ्याचा मुलगा, पॉलिशला उत्तर प्रदेशचा, पॅकिंगला राजस्थानचा आणि हिशेबाला उत्तनचा ख्रिस्ती तरुण असतो. पगार चौघांचाही सारखाच थकलेला. आणि जेवणाच्या सुट्टीत भांडण जुंपते ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या लढाईवरून! कोणी कोणास दगा दिला, कोणाच्या पूर्वजांनी काय केले, ह्यावर डबे तसेच राहतात. आम्ही मध्ये पडून विचारतो, बाबा रे, हे तू कोठे वाचलेस? उत्तर ठरलेले असते. वाचले नाही, पाहिले. दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून मालकाकडे जावयाचे असते, जातात दोघेच. इतिहासाचा कच्चा राहिलेला तास आम्हांला असा महाग पडतो.

आता, गोष्टींनी डोकी फिरतात म्हणून गोष्टी बंद करा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांला तसे म्हणवत नाही, कारण आमचा इतिहास कादंबरीतूनच सुरू झाला. पाळी सुटल्यावर वाचनालयात जाऊन बसावयाचे, आणि ग्रंथपालाने जे हातात दिले ते वाचावयाचे, हे आमचे विद्यापीठ. माधवराव पेशवे आम्हांला रणजित देसाईंच्या 'स्वामी'तून भेटले. इंग्रजी अमलातल्या मांगवाड्याची भूक आणि झुंज अण्णा भाऊ साठे ह्यांच्या 'फकिरा'तून कळली. रशियातले कामगार प्रथम दिसले ते मॅक्झिम गॉर्कीच्या 'आई'त. सोर्मोवो येथे १९०२ साली मे दिनाची जी मिरवणूक निघाली तिच्यावरून ती कादंबरी सुचली, हे आम्हांला फार पुढे समजले. ह्या पुस्तकांनी आम्हांला इतिहास शिकविला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी इतिहास वाचण्याची भूक लावली. ज्याला भूकच नाही त्याच्यापुढे सनावळ्यांचे ताट वाढून काय उपयोग?

शिवाय आपल्या मराठीत इतिहास आणि गोष्ट ही भावंडे एकाच घरात वाढली आहेत. बखर म्हणजे काय? अर्धा वृत्तान्त, अर्धे आख्यान. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ती साष्टी बेटाची उत्तरेकडची बाजू. ह्या प्रदेशाची जुनी हकीकत सांगणारी 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९२४ साली छापली. ती छापताना त्यांनी पहिले काम काय केले, तर ही एका हातची नव्हे, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांनी लिहिलेली प्रकरणे एकत्र झाली आहेत, हे उलगडून दाखविले. बखर खोटी म्हणून फेकून दिली नाही आणि जुनी म्हणून डोक्यावरही घेतली नाही. पुढे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली आली असल्यामुळे, राजवाड्यांच्या आधीच ऐतिहासिक कादंबरी मराठीत रुळलेली होती. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, वि. वा. हडप, ना. सं. इनामदार, 'पानिपत'चे विश्वास पाटील, ही परंपरा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचा पाढा येथे वाचीत नाही.

ह्या परंपरेने केवढे नुकसान केले आणि तेच पुन्हा कसे भरून काढले, ह्याचे एक उदाहरण मात्र नीट पाहण्यासारखे आहे. ते छत्रपती संभाजी महाराजांचे. व्यसनी, अविचारी, बापाचे राज्य घालविणारा मुलगा, असे त्यांचे चित्र मराठी रंगभूमीने दोन पिढ्यांना दाखविले. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यासा'त ते आहे, औंधकरांच्या 'बेबंदशाही'त आहे. नाटककारांनी ते हवेतून काढले नव्हते. त्यामागे मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीसारखे लिखाण होते. ही बखर संभाजी महाराजांनंतर शंभरांहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. आणि मल्हार रामराव कोण, तर ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिली, त्यांच्या वंशातले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर साक्षीदार घटनेच्या जागी हजर नव्हता, आणि आरोपीशी त्याच्या घराण्याचे वैर होते. अशी साक्ष खात्यांतर्गत चौकशीतसुद्धा टिकत नाही. येथे ती दोन पिढ्या टिकली, कारण उलटतपासणी कोणी घेतली नाही. ती वासुदेव सीताराम बेंद्रे ह्यांनी घेतली. देशोदेशींची दप्तरे पालथी घालून त्यांनी संभाजी महाराजांचे चरित्र लिहिले, ते १९६० साली प्रसिद्ध झाले. डॉ. कमल गोखले ह्यांनीही पुढे तेच काम चालविले.

पण ऐका. बेंद्र्यांचा तो ग्रंथ किती घरांत वाचला गेला? कागदांनी बदललेले मत घरोघर पोचविले ते पुन्हा नाटकाने आणि कादंबरीनेच. १९६२ साली वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' आले, १९७९ साली शिवाजी सावंतांची 'छावा' आली. त्या कादंबरीवरून २०२५ साली हिंदी चित्रपट निघाला आणि आठवीनववीची मुले चित्रपटगृहांतून रडत बाहेर पडली. त्या रडण्याला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र त्याच सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी होती, ती आपण वाचली असेल. चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचा उल्लेख पाहून तिकडच्या असीरगड किल्ल्याच्या आसपास लोक रात्रीच्या वेळी बॅटऱ्या घेऊन सोन्याची नाणी शोधण्यासाठी शेते खणू लागले. गोष्टीला कागद समजले की मनुष्य खणू लागतो. कोणी शेत खणतो, कोणी शेजाऱ्याचे घर.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही आमच्या धंद्यातून शिकलेली गोष्ट सांगतो.

औद्योगिक विवाद कायदा लागू होता त्या काळी, कामावरून काढलेल्या कामगाराला आपण वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केले हे दाखवावे लागे. दाखवावयाचे कशाने? हजेरीपट मालकाच्या कपाटात. पगारपावती दिलेलीच नाही. एका प्रकरणात, कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, आठ वर्षे पॉलिशच्या पट्ट्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर सापडलेच नाही. कागद म्हणत होता, असा मनुष्य येथे नव्हता. फुप्फुसात गेलेली धूळ म्हणत होती, होता. त्या दिवसापासून कागद म्हणजेच सत्य असे कोणी म्हणाले की आम्ही विचारतो, कागद कोणाच्या कपाटातला? परंतु दुसरीही बाजू आहे. पुष्कळ कामगार आपली हकीकत सांगताना तीत मीठमसाला घालतात. साहेबाला तोंडावर काय काय सुनावले हे रंगवून सांगतात. ते जसेच्या तसे कोर्टात ठेवले तर खटला बुडतो. म्हणून आम्ही हकीकत पूर्ण ऐकून घेतो, आणि मग एकेका वाक्यासाठी विचारतो, ह्याला आधार काय? बसचा पास आहे? दवाखान्याची चिठ्ठी आहे? बरोबरच्या दोघांना आठवते?

इतिहासाच्या तासाला नेमके हेच करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. कादंबरी वर्गात आणावी, मनापासून वाचून दाखवावी, मुलांना तीत बुडू द्यावे; आणि मग तिला पिंजऱ्यात उभी करून मुलांकडूनच तिची उलटतपासणी करवावी.

सिंहगड घ्या. तानाजी मालुसऱ्यांनी घोरपडीच्या शेपटाला दोर बांधून कडा चढला, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुलाला झोपेत विचारा. ही घोरपड शाहीर तुळसीदासाच्या पोवाड्यात आहे. हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबरीच्या नावाने तर एक म्हणच होऊन बसली. आता तिसरा कागद ठेवा, सभासदाची बखर. लढाई १६७० सालची, बखर १६९४ ते १६९७ च्या सुमाराची. म्हणजे लढाई आठवणारी माणसे जिवंत असतानाची. तीत मावळे वानरांसारखे कडा चढून गेल्याचे आहे, घोरपड नाही. आणि चौथा कागद असा की, सिंहगड हे नाव महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रात आलेले आहे. म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधीचे. हे चार कागद बाकावर ठेवून मुलांना विचारा, घोरपड कोठून आली असेल? आम्ही एका वर्गात हे घडताना पाहिले आहे. एक मुलगा रागावला. म्हणाला, मग तानाजी खोटा का? त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, खोटा कसा, घोरपड नसताना चढला म्हणजे जास्तच अवघड झाले ना! शिक्षकांना पुढे काही बोलावे लागले नाही. तानाजी लहान झाला नाही, आणि पुरावा म्हणजे काय हे पाऊण तासात समजले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. वसईच्या खाडीच्या त्या तोंडाला वसईचा किल्ला, ह्या तोंडाला चौकजवळ धारावीचा किल्ला, आत घोडबंदरचा. १५३४ पासून दोनशेहून अधिक वर्षे ह्या मुलखावर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्या अमलात धर्माच्या नावाने जुलूम झाले, ह्यात शंका नाही. चिमाजीअप्पांच्या मोहिमेला १७३७ साली तोंड लागले आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. ह्या मोहिमेची गोष्ट सांगताना आपण एक प्रसंग हमखास सांगतो, की किल्ला हाती येत नाही असे पाहून अप्पा म्हणाले, माझे मस्तक तरी तोफेने उडवून किल्ल्यात टाका. अंगावर काटा येतो. येऊ द्यावा. मग पेशवे दप्तरातली पत्रे काढावी. गो. स. सरदेसाईंनी निवडून पंचेचाळीस भागांत ती छापविली आहेत, मोहिमेवर य. न. केळकरांचे स्वतंत्र पुस्तकही आहे. त्यांत दिसते ते निराळेच जग. दारूगोळा, धान्य, शिड्या, आरमार ह्यांची विवंचना. तटाखाली खणलेले सुरुंग. काही सुरुंग वेळेवर न उडता चढाई सुरू झाल्यावर उडाले आणि आपलीच माणसे दगडांखाली गेली. ते सुरुंग खणले कोणी? होड्या वल्हविल्या कोणी? ह्या माणसांची नावे शोधू गेले तर हात रिकामे राहतात. आमच्या पॉलिशवाल्यासारखीच ती हजेरीपटावर नाहीत. येथे कादंबरीकाराला जागा आहे, आणि मुलांनाही. सुरुंग खणणाऱ्या एकाची गोष्ट लिहा, असे नववीच्या मुलांना सांगून पाहा. त्याच्या हातात कोणती पहार होती, तो जेवला काय, त्याला मजुरी मिळाली का, हे प्रश्न पडले की मूल आपण होऊन पुस्तके धुंडाळू लागते.

आणि ह्याच वर्गात उत्तन, पाली, डोंगरीची मुले बसलेली असतात, हे विसरून चालणार नाही. आपल्या गोष्टींत वसईच्या लढाईला दोनच बाजू असतात, एक मराठे आणि दुसरे फिरंगी. उत्तनच्या कोळ्याची मुलगी फिरंगी नव्हे. तिचे पूर्वज येथलेच. त्यांची जाळी, त्यांची होडी, त्यांची बोली येथलीच. धर्म तेवढा त्या दोनशे वर्षांत बदलला. तह झाल्यावर पोर्तुगीज शिबंदीला सामानसुमानासह जाऊ दिले गेले आणि ती गेली. ही माणसे कोठे जाणार? ती राहिली. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीस वसईकडच्या म्हणून ज्या घंटा दाखवितात, त्या आपल्याकडे विजयाची खूण म्हणून पाहतात. त्या मुलीला कदाचित ती गावच्या देवळातून गेलेली घंटा वाटेल. दोघांचे म्हणणे एकाच तासाला एकाच बाकावर ऐकले गेले, तर ते दोघे पुढे कारखान्यात आमच्याकडे येतील तेव्हा मालकाकडे दोघेही जातील. आमचा स्वार्थ आहे, तो आम्ही लपवीत नाही.

आणखी एक गंमत. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी साडीचोळी देऊन परत पाठविले, ही गोष्ट आपण जाणतो. तशीच एका पोर्तुगीज स्त्रीला चिमाजीअप्पांनी सन्मानाने परत पाठविल्याचीही सांगतात. सुभेदाराच्या सुनेची गोष्ट समकालीन कागदांत सापडत नाही, असे अभ्यासक म्हणतात. मग एकच गोष्ट दोघांविषयी का सांगितली गेली? हा प्रश्न वर्गात टाकण्यासारखा आहे. जिंकलेल्या मुलखातल्या स्त्रीशी राजाने कसे वागावे, ह्याची अपेक्षा लोक त्या गोष्टीत सांगून ठेवतात. ती गोष्ट घटनेचा पुरावा नसेल. सांगणाऱ्यांच्या मनाचा तर आहे. तोही इतिहासच.

ह्यावरून आम्हांला असे वाटते की, जुन्या काळाविषयी आज लिहिलेल्या कादंबरीपेक्षा, जुन्या काळातच त्या काळाविषयी लिहिलेली कादंबरी इतिहासाच्या शिक्षकाला जास्त उपयोगी आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. बंडाचे वर्ष म्हणून आपण ते पाठ करतो. त्याच वर्षी विधवांच्या हालांवर मराठीत कादंबरी छापली जात होती, हे किती मुलांना सांगितले जाते? हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या. समाजसुधारणेचा धडा परीक्षेपुरता आठवतो. यमूचे केशवपन वाचलेले मूल ते विसरत नाही. गिरणी कामगारांवर मामा वरेरकरांनी १९३०च्या दशकात 'धावता धोटा' लिहिली. आणि जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आले. आमचे मत विचाराल तर १८ जानेवारी १९८२ च्या संपावर लिहिलेले अहवाल एका पारड्यात आणि 'अधांतर'मधल्या त्या घरातली बंद पडलेली बोलणी दुसऱ्या पारड्यात घालावी. अडीच लाख कामगार संपावर गेले, हा आकडा अहवाल सांगतो. त्या अडीच लाखांपैकी एकाच्या घरी संध्याकाळी चहा कोण करीत होते आणि पैसे कोण आणीत होते, हे नाटक सांगते. लालबाग-परळच्या खोल्या सोडून मीरा रोड, भाईंदर, नालासोपाऱ्याला आलेली कुटुंबे ह्या सभागृहातही असतील. त्यांच्या नातवंडांना आपण येथे का राहतो, हे ठाऊक नाही.

उलटतपासणी आमच्या चळवळीचीही झाली पाहिजे, नाहीतर आम्ही भोंदू ठरू. हिंदुस्थानात रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी आणली, असे कामगारांच्या सभांतून टाळ्या घेत सांगितले जाते. सरकारी कचेऱ्या तर त्याआधीपासून रविवारी बंद असत. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी १८९० साली मिळवून दिली. साहेबाला होती ती सुट्टी कामगाराला मिळाली, हे खरे आहे आणि पुरेसे मोठे आहे. त्याला फुगविण्याची गरज नाही.

शिक्षकमंडळी म्हणतील, हे सगळे ठीक, पण वेळ कोठे आहे? दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुण. पोर्शन संपवावयाचा, सराव घ्यावयाचा. तक्रार खरी आहे, आणि आम्ही कामाच्या तासांवर भांडणारे असल्याने ती हसण्यावारी नेणार नाही. मात्र २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास, असे पाठ घातले गेले. दार सरकारनेच उघडले होते. ते पाठ बहुतेक ठिकाणी व्याख्या पाठ करून उरकले जातात, असे मुलेच सांगतात. पोर्शनला धक्का न लावता त्याच पाठांच्या तासांत दोन कागद आणि एक गोष्ट सहज मावते.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने गेल्या वर्षी एवढेच केले. आजोबा किंवा आजीच्या आयुष्यातल्या एका दिवसाची गोष्ट लिहा, आणि ज्या वाक्याला घरात कागद सापडेल त्याच्याखाली तांबडी रेघ मारा, असे तिने नववीला सांगितले. एका मुलाचे आजोबा गिरणीत साच्यावर होते. त्याने पाच पाने लिहिली. तांबड्या रेघा तीन. गिरणीचा गेटपास सापडला म्हणून एक, रेशनकार्डाची एक, आणि खोली विकल्याच्या स्टँपपेपरची एक. संपाच्या आदल्या महिन्यात आजोबांना पगार किती मिळाला, हे वाक्य त्याने कोरे ठेवले. घरात कोणी आठशे म्हणते, कोणी सहाशे. वहीच घेऊन तो आमच्या कचेरीत आला आणि म्हणाला, काका, त्या वेळच्या कोणाची पगारपावती आहे का तुमच्याकडे? त्या गिरणीतल्या जुन्या माणसांकडे आम्ही विचारणा चालविली आहे. येथे जमलेल्यांपैकी कोणाच्या घरी, ट्रंकेत, देवघराच्या खणात, डिसेंबर १९८१ ची गिरणीची पावती असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्हांला जरूर भेटावे.